ओरसेर साहेबांचं तिरपं स्टेज

सर्व वाचकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येतं की, खाली ज्या गृहस्थांची हकिकत येत आहे त्यांना एक असाध्य व्याधी होती. वाचकांनी उभं राहून वाचण्याची आवश्यकता नाही. पण डोक्यावर टोपी असल्यास ती नीट करावी. व्याधी अशी, की डोळ्यांसमोर काही मनाजोगतं घडलं की त्यांच्या तोंडून आपोआप ‘वन्स मोअर!’ बाहेर पडायचं. नाटकाच्या मांडवात नव्हे. तिथे सगळेच ओरडतात. यांना ते कुठेही व्हायचं. गवंड्यानं दगडाला नेमका घाव घातला की व्हायचं. गाय एका दमात व्याली की व्हायचं. चामोर्शीच्या दवाखान्यात कंपाउंडरनं इतक्या हलक्या हातानं सुई टोचली की साहेब टेबलावरूनच ओरडले, ‘वन्स मोअर!’ आणि तो सरळमार्गी कंपाउंडर खरोखरच दुसरी सुई उकळायला ठेवू लागला.

हे त्र्यंबकराव भुसारी. सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसियर. म्हणजे इंजिनियरच्या खाली आणि मुकादमाच्या वर. आमच्या जांभूळटोल्याच्या जिभेवर तो ओव्हरसियर कधी चढला नाही. गावानं त्यांना ओरसेर साहेब करून टाकलं आणि त्यांनीही ते निमूट स्वीकारलं. बुटके, गोल, खाकी अर्धी चड्डी, डोक्यावर सोला हॅट. सायकलवर बसले की लांबून हॅटच रस्त्यानं येत आहे असं वाटे. मी तेव्हा गावच्या शाळेत मास्तर होतो आणि उरलेल्या वेळात गावच्या नाटक मंडळाचा प्रॉम्प्टर. आमचा चांदा जिल्हा नुकताच मध्य प्रदेशातून उठून मुंबई राज्यात जाऊन बसला होता. म्हणजे कागदोपत्री. प्रत्यक्षात तो होता तिथेच, वैनगंगेच्या काठानं, सागबांबूच्या जंगलात.

साहेबांच्या कोटाच्या डाव्या खिशात कायम एक पितळी ओळंबा असे. गवंडी भिंत सरळ आहे का ते पाहायला दोरीला वजन बांधून सोडतात, तो. साहेब तो कशालाही लावत. देवळाच्या खांबाला, शाळेच्या फळ्याला, माझ्या पाठीला. पाटलाच्या मुलाच्या लग्नात अंतरपाट धरलेला असताना यांनी नवरदेवाच्या नाकासमोर ओळंबा सोडला आणि भटजींना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, “अर्धा सूत डावीकडे आहे.” तो मुलगा मंगलाष्टकं संपेपर्यंत उजवीकडे कलून उभा होता. एखाद्या माणसाची साहेबांकडून होणारी सर्वांत मोठी स्तुती म्हणजे “ओळंब्यात आहे.” खात्याचे मोठे साहेब शाळेच्या खोलीचं उद्घाटन करायला आले तेव्हा त्यांचं भाषण ओळंब्यात असावं, कारण संपताच साहेबांचा वन्स मोअर निसटला. मोठे साहेब गहिवरले आणि त्यांनी भाषण पुन्हा पहिल्यापासून केलं. तेव्हापासून सभेत साहेबांच्या शेजारी त्यांची पत्नी माई बसे, त्यांच्या तोंडावर दाबायला हातात पदराचं टोक तयार ठेवून.

“दगड बसला की वन्स मोअर,” माई मला म्हणाल्या होत्या, “आणि माझी पोळी फुगली तर हा माणूस मुकाट्यानं खातो.”

“अगं, ती रोजच फुगते,” साहेब म्हणाले. बचाव म्हणून हे वाक्य मला अजून उत्तम वाटतं.

आता भिंतीकडे येतो.

आमच्या गावाला खेटून दहेली नदी जाते आणि पुढे वैनगंगेला मिळते. गावाशी तिचं वळण. त्या वळणावर पूर्वी काठ ढासळायचा, म्हणून तीसेक वर्षांआधी, इंग्रजाच्या अमदानीत, एका तरुण ओव्हरसियरनं तिथे दगडचुन्याची भिंत बांधली. गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, पाण्यातून सरळ उभी. त्या तरुणाचं नाव त्र्यंबक भुसारी. नोकरीतलं ते त्यांचं पहिलं मोठं काम. निवृत्ती जवळ आल्यावर त्यांनी मुद्दाम चामोर्शीकडे बदली मागून घेतली, ती या भिंतीला भेटायला. होळी झाल्यावर एका सकाळी ते सायकल ढकलत शाळेत आले आणि म्हणाले, “मास्तर, चला. तुम्हाला माझी थोरली मुलगी दाखवतो.”

आम्ही गेलो. भिंत खणखणीत होती. साहेबांनी तिच्यावरून हात फिरवला, ओळंबा सोडला, दोरी स्थिर झाली. केसभर फरक नव्हता. त्यांचं तोंड वन्स मोअरसाठी उघडलंच होतं, तेवढ्यात मासेमारांच्या वस्तीतली चंद्राबाई ढिवरीण आली. तिनं भिंतीच्या कडेवर पाय रोवले, दोराला बांधलेली बादली खाली सोडली आणि दोर सरकत राहिला, सरकत राहिला. खूप खालून बुडबुड ऐकू आली.

“बाई, नदीवर दोर?” साहेबांनी विचारलं.

“मंग काय उडी मारू?” चंद्राबाई म्हणाली. “नदीची इहीर करून ठेवली ना कोन्या मेल्यानं. आमच्या घरधन्याचा बाप इथी रेतीत डांगरवाडी करे. हे एवढाले डांगरं. आता रेतीच नाई त डांगर काय भितीवर लावू?”

“कोणी बांधली ही?”

“असन कोनी. लय सरळ डोक्याचा असन.” आणि ती बादली ओढू लागली. डांगर म्हणजे आमच्याकडचं कलिंगड.

साहेबांनी भिंतीवरून वाकून पाहिलं. मीही पाहिलं, पण मी रोज पाहत होतो म्हणून मला काही दिसलं नव्हतं. भिंतीला घासत पाणी सरळ, घाईनं पळत होतं. उभ्या दगडाला आपटल्यावर नदीला पसरायला जागा नाही, म्हणून तिनं तळच खरवडून काढला होता. वाळू वाहून गेली, जांभळांखालचा डोह गेला, गावच्या विहिरी खाली गेल्या. गुरांना पाण्यावर उतरायला वाट नाही, ती कोसभर हिंडून दुसऱ्या घाटावर जात. समोरच्या काठाची शेतं दर पावसात कडेनं तुटत होती. साहेबांनी दोरी गुंडाळली. ओळंबा खिशात टाकला. सायकलवर बसायचं विसरून ती ढकलतच चामोर्शीच्या वाटेला लागले. थोडं पुढे जाऊन वळले.

“भिंत ओळंब्यात आहे, मास्तर,” ते म्हणाले. “नदी कामातून गेली.”

यानंतर एखाद्यानं बदली करून घेतली असती. साहेबांनी वरून ‘भिंतीची दुरुस्ती’ मंजूर करून आणली आणि दसऱ्याआधी मारुतीच्या पारावर गाव जमवला.

“भिंत उतरवायची,” त्यांनी जाहीर केलं. “काठ मागे घेऊन लांब उतार करायचा. नदीला अंग टाकायला जागा द्यायची.”

पांडुरंग पाटील पुढे बसला होता. नदीला सर्वांत जवळचं घर त्याचं. “काऊन? पडून राह्यली का भित?” त्यानं विचारलं.

“पडत नाही, हीच तर अडचण आहे.”

“साहेब, तुमीच बांधली ना थे? सोताच्या लेकराचा गळा दाबता का आता? थे भित हाय म्हनून माह्यं घर हाय. उतार करासीन त नदी सिद्धी माह्या चुलीपाशी येऊन बसन.”

“येईल. पण पळत येणार नाही, चालत येईल. चालत आलेला पाहुणा घर पाडत नाही.”

“साहेबाले ऊन लागलं बावा,” मागून कुणीतरी म्हणालं, आणि सभा हसत हसत उठली. मजुरी देऊनही कुदळ उचलायला एक माणूस येईना. पाटलाच्या घराचा प्रश्न होता, आणि पाटलाच्या घराच्या मागे सगळं गाव होतं. साहेब पारावर एकटे राहिले. मला वाटलं, संपलं. ते माझ्याकडे वळून म्हणाले, “मास्तर, यंदा नाटकात राजा कोण?”

इथे बाहेरच्या वाचकांसाठी एक खुलासा. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की मंडईचे, म्हणजे जत्रांचे, दिवस येतात आणि धान घरात पडलं की नाटकं. रात्रभराची, हजारो माणसांची. त्यासाठी गाव दरवर्षी जमीन खणतं. हो, खणतं! स्टेजकडे उतरत जाणारी, पायऱ्यापायऱ्यांची बैठक, म्हणजे मागच्याला पुढच्याचं मुंडासं आडवं येत नाही. पायऱ्यांची माती ढासळू नये म्हणून बांबूचे तट्टे खुंट्या ठोकून बसवतात. या कामाला कुणाला बोलवावं लागत नाही. सरकारी कामावर ज्यांची कंबर धरते ते लोक नाटकासाठी गाणी म्हणत माती उपसतात.

ही जागा कायम पाटलाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, असायची, आणि म्हणून राजाही कायम पाटीलच. पण त्या वर्षी त्या बांधीत धान उभं असतानाच लाखोरी, म्हणजे लाखेची डाळ, पेरली गेली होती. ती हिरवीगार वर आलेली. तिच्यात कोण खणणार? दसऱ्याच्या सुमारास पाटलाला त्याच बांधीत लाखोरी टाकायचा सल्ला कुणी दिला, हे मी साहेबांना विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती, ते खिशातला ओळंबा वाजवत शीळ घालत होते.

मंडळ हवालदिल झालं. जागेसाठी भांडणं झाली. तेव्हा साहेब सहज म्हणाले, “नदीकाठी करा की. पाटलाच्या घरापासून भिंतीपर्यंत बैठक. यंदा पाऊस लवकर उठला, भिंतीखालचं पाणीही आटून काठाकाठानं कोरडं पडलं आहे, तिथे स्टेज.”

गाव तुटून पडलं. आठवड्याभरात पाटलाच्या अंगणापासून नदीकडे असा देखणा, लांब उतार तयार झाला की साहेबांचे तीन वन्स मोअर माईंनी पदरात धरले. खाली कोरड्या पात्रात तालमीपुरतं बांबूचं उंच मचाण उभारलं. रविवारी दुपारी रंगीत तालीम. सगळं गाव उतारावर बसलं. पाटील मुकुट, तलवार, मिशा लावून मचाणावर चढला आणि गरजला, “प्रधानजी!”

गाव फसकन हसलं.

अडचण अशी होती की गाव आणि स्टेज यांच्या मधोमध ती भिंत उभी होती. उतारावर बसलेल्याला राजाचा फक्त मुकुट दिसत होता. राजा चालू लागला की मुकुट डावीकडून उजवीकडे जाई, मागे फिरला की उजवीकडून डावीकडे. बायका पदर तोंडात कोंबून लोळत होत्या.

पाटील तलवारीसकट वर आला. “साहेब! थे भित आडवी येऊन राह्यली!”

“येणारच. भिंत आहे ती.”

“मंग पाडा ना!”

साहेबांनी हॅट काढून छातीशी धरली. मी नाटकात खूप सोंगं पाहिली आहेत, पण असं नाही पाहिलं. “पाटील,” ते कापऱ्या आवाजात म्हणाले, “ती भिंत मी बांधली आहे. सरकारची आहे. तिच्या जोरावर तुमचं घर आहे. तुम्हीच तर म्हणालात!”

“थे खरं हाय. पन मी राजा हावो! लोकाइनं काय माहा मुकुटच पाहावा रातभर?”

“लेकराचा गळा कसा दाबू?”

“साहेब, मी हात जोडतो.” आणि राजानं खरंच हात जोडले. सगळं गाव ओरडू लागलं, “पाडा! पाडा!” साहेबांनी पुष्कळ आढेवेढे घेतले, दोनदा डोळे पुसले, आणि शेवटी मान खाली घालून होकार दिला. पहिली पहार पाटलानंच घातली, राजाच्या वेषात. हॅटच्या आड साहेबांनी माझ्याकडे पाहून एक डोळा मिटला.

भिंत वरून पार पायापर्यंत उतरली. निघालेल्या दगडांतले थोरले दगड साहेबांनी उताराच्या पायथ्याशी सैलसर लोटून दिले, आणि उरलेल्यांचं पक्कं स्टेज रचायला घेतलं. काठापासून थेट पात्रात घुसलेलं. पण सरळ नव्हे. नदी जिकडून येते त्या बाजूला तोंड वळवलेलं.

“साहेब, ठेज तिरपं होऊन राह्यलं,” पाटील म्हणाला. “तुमचा थो ओळंबा लावा ना.”

“राजानं प्रजेकडे थोडं तिरपं पाहिलं की रुबाब येतो,” साहेब म्हणाले.

पाटलानं मान तिरपी करून पाहिली आणि त्याला ते पटलं.

नाटकाबद्दल मी काही सांगू शकत नाही. प्रॉम्प्टर खड्ड्यात बसतो, त्याला नाटकाचे फक्त पाय दिसतात. पण पाय जोरात होते, आणि वरून साहेबांचा आवाज वारंवार येत होता.

दुसऱ्या दिवशी साहेब स्वतःहून पाटलाच्या ओसरीवर गेले आणि सगळं सांगून टाकलं. उतार कशासाठी, दगड कशासाठी, स्टेज तिरपं कशासाठी.  पाटलाच्या चेहऱ्यावर अजून रंगाचे डाग होते.

“म्हन्जे तुमी आमाले फसवलं.”

“फसवलं.”

“आन पानी आलं त?”

“तर आधी माझ्या खाटेखाली येईल. तुमची नदीकडची खोली मला भाड्यानं द्या. पावसाळा मी आणि माई तिथे काढतो.”

“साहेब, चेष्टा करू नोका.”

“माझी पहिली भिंत चुकली, पाटील. हा उतारही चुकला तर मला पळायला लांबची जागा नको.”

आणि खरंच, मृग लागायच्या आत चामोर्शीहून बैलगाडी आली. ट्रंक, जातं, खाट, माई. तोवर साहेबांनी चंद्राबाई आणि तिच्या माणसांना घेऊन तट्ट्यांच्या मागे, पायऱ्यापायऱ्यांवर माती धरायला निरगुडीच्या फांद्या आणि वाळा खोचून घेतला होता. पहिल्या सरींनी सगळ्या बैठका हिरव्या झाल्या. गाव मात्र हसेना. पाटील रोज संध्याकाळी अंगणात उभा राहून नदीकडे पाहायचा, आणि मग साहेबांच्या खोलीकडे. मी पाहिलं आहे, साहेबांचीही झोप उडाली होती. ते पानावरून अर्धे जेवून उठत. ओळंबा मात्र त्यांनी चंद्राबाईच्या नवऱ्याला दिला होता, जाळ्याच्या कडेला बांधायला. “त्याला आता खाली जायचंच काम द्या,” म्हणाले.

पुढचं मी आधीच सांगून टाकतो, कारण मला शेवट दुसऱ्याच ठिकाणी करायचा आहे. त्या पावसाळ्यानंतर साहेब निवृत्त होऊन नागपूरकडे गेले आणि मला पुन्हा भेटले नाहीत. पण तिरप्या स्टेजच्या आडोशाला त्याच हिवाळ्यात वाळू साचू लागली. दोन-तीन वर्षांत जांभळांखाली डोह धरला, गुरं उतारानं पाण्यावर जाऊ लागली, विहिरी वर आल्या. चंद्राबाईनं मला पहिलं डांगर आणून दिलं ते मी एकट्यानं उचलू शकलो नाही. आजही नदी तिथे रुंद, आळसावलेली, वाळूत लोळत जाते.

आता तो श्रावणातला दिवस.

दोन दिवस झड लागलेली. सकाळी नदीचा आवाज बदलला. वरच्या जंगलात कुठेतरी आभाळ फुटलं असणार. शाळा सोडून मी धावलो. सगळं गाव पाटलाच्या अंगणात. उताराच्या अगदी वरच्या पायरीवर साहेब खुर्ची टाकून, छत्री धरून बसलेले, समोर पडदा उघडायची वाट पाहत असल्यासारखे.

नदी आली. लाल, गढूळ, झाडं घेऊन. स्टेज क्षणात बुडालं; पण बुडालं तिथे पाणी फुगून उठलं, वळलं, आणि मधली धार काठ सोडून पात्राच्या मध्यावर गेली. काठाशी उरलं ते पसरट पाणी, आणि ते उतार चढू लागलं. पायरी, पायरी, पायरी. निरगुडीत शिरून फेस सोडत, हळूहळू.

“पोरं बसते तिथी आलं!” कुणीतरी ओरडलं. मग, “बायाइच्या जागेवर आलं!” मग, “खुर्च्याइले लागलं!” म्हणजे उताराच्या अर्ध्यावर. पाटलानं गाठोडं खांद्यावर घेतलं, धाकट्याला काखेत मारलं आणि साहेबांच्या खोलीत डोकावला. माई चुलीपुढे बसून तांदूळ धूत होत्या.

“सामान नाई बांधलं, माई?”

“त्यांनी अजून खुर्ची मागे घेतलेली नाही,” माई म्हणाल्या.

पाटील बाहेर आला आणि गाठोडं खांद्यावर ठेवूनच साहेबांच्या मागे उभा राहिला. पाणी आणखी एक पायरी चढलं. आणखी एक. साहेबांच्या बुटाखालच्या पायरीला लागलं आणि तिथे डुलत राहिलं.  साहेबांनी खुर्ची मागे घेतली नाही. नदी तिथे बसली. किती वेळ, कुणास ठाऊक; माईंचा भात शिजल्याचा वास आला एवढं आठवतं. मग निरगुडीचा एक शेंडा पाण्याबाहेर आला. मग त्याखालच्या ओळीचा. पायरी रिकामी, त्याखालची रिकामी. प्रत्येक पायरीवर काळ्याभोर गाळाचा थर ठेवून, एक तट्टा न हलवता, नदी आल्या वाटेनं मागे सरत गेली.

साहेब खुर्चीवरून उठले. छत्री खाली पडली, हॅट गेली. डोळ्यांतलं पाणी गालांवर, गालांवरचा पाऊस मिशांत. मागे माई भाताच्या हातानं पदर घेऊन धावल्या, पण पोचायला उशीर झाला. त्या बुटक्या माणसानं दोन्ही हात नदीकडे पसरले आणि साऱ्या छातीनिशी आरोळी ठोकली:

“वन्स मोअर!”

पाटलाचं गाठोडं धप्पकन चिखलात पडलं. त्यानं मागून झेप घेऊन साहेबांच्या तोंडावर हात दाबला आणि जिवाच्या आकांतानं ओरडला:

“चूप ऱ्हा ना साहेब! अयकन ना थे नदी!”